सरहद्दीवरच्या शेतकऱ्याचा माग : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या जुन्या शेतकरी घराण्यांची वंशावळ कशी शोधायची, यावर बरीच पत्रं आली. बहुतेक पत्रांतला पूर्वज एकाच प्रकारचा आहे : साधारण १७७० ते १८३० या काळात ॲपलेशियन डोंगर ओलांडून केंटकी, टेनेसी, ओहायो किंवा इंडियानात गेलेला आणि जंगल तोडून शेत उभं केलेला माणूस. सरहद्द म्हणजे इथे देशाची सीमा नव्हे, तर पश्चिमेकडे सरकत गेलेल्या वस्तीची कड. त्याने डायरी ठेवली नाही, अनेकदा त्याला सहीसुद्धा करता येत नव्हती, आणि त्याच्या थडग्यावर नाव कोरलेला दगड सापडेलच असं नाही. पण जमीन घेताना, विकताना, तिचा कर भरताना आणि ती मुलांत वाटली जाताना त्याला कागदावर यावंच लागलं. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत माणसाच्या नावाइतकाच त्याच्या जमिनीचा पाठलाग आहे.

प्रश्न : माझ्या सुनेचे पूर्वज केंटकीत शेती करत. मूळ पुरुष व्हर्जिनियातून आला आणि मूळ अमेरिकन टोळीच्या हल्ल्यात मारला गेला, असं त्यांच्या घरात सांगतात. इंटरनेटवर त्याच नावाची, थेट इंग्लंडमधल्या सरदार घराण्यापर्यंत गेलेली वंशावळ मिळाली. तीच पुढे न्यावी का?

उत्तर : नको. ती बाजूला ठेवा आणि सुनेच्या आजी-आजोबांपासून एकेक पिढी मागे चला. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारा : अमुक हा तमुकचा मुलगा, असं सांगणारा त्या काळातला कागद कोणता? नाव जुळलं म्हणजे नातं जुळलं असं होत नाही. आयत्या वंशावळी नेमक्या याच ठिकाणी फसतात. त्यांत आई वारल्यानंतर जन्मलेली मुलं असतात, बाराव्या वर्षी बाळंत झालेल्या बायका असतात, आणि एकाच जोडप्याची मुलं आलटून पालटून मॅसॅच्युसेट्स आणि केंटकीत जन्मलेली दिसतात. असं काही दिसलं, तर दोन वेगळी कुटुंबं एकत्र शिवली गेली आहेत असं समजा.

मागे जाताना अमेरिकन जनगणना हा मुख्य जिना. ती १७९० पासून दर दहा वर्षांनी होत आली आहे, पण घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय आणि जन्माचं राज्य पहिल्यांदा १८५० मध्ये लिहिलं गेलं. कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं आणि आई-वडिलांचं जन्मस्थान हे रकाने १८८० मध्ये आले. त्यामुळे सरहद्दीवरच्या शेतकऱ्याचं एखादं मूल १८८० पर्यंत हयात असेल, तर आपला बाप कुठे जन्मला हे त्याच्या नोंदीत मिळू शकतं. सगळ्या भावंडांच्या नोंदी काढा. एक मूल व्हर्जिनिया म्हणेल, दुसरं नॉर्थ कॅरोलिना. जास्त मुलांनी सांगितलेलं राज्य आधी तपासा. १८९० ची जनगणना मात्र जवळजवळ सगळी गेली. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधल्या आगीत ती सापडली. तिथे वीस वर्षांची उडी मारावी लागते.

घरातली गोष्ट टाकून देऊ नका, पण ती जशीच्या तशी मानूही नका. याचं चांगलं उदाहरण अब्राहम लिंकन यांच्याच घराण्यात आहे, कारण त्यांचे वडील आणि आजोबा दोघेही सरहद्दीवरचे शेतकरी. डिसेंबर १८५९ मध्ये लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तात लिंकन सांगतात की आजोबा व्हर्जिनियाच्या रॉकिंगहॅम काउंटीतून (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्हा) १७८१ किंवा ८२ च्या सुमाराला केंटकीत गेले आणि वर्ष-दोन वर्षांत मारले गेले. प्रत्यक्षात हा मृत्यू मे १७८६ मधला. घटना खरी, ठिकाणं खरी, वर्षं मात्र सरकलेली. घरच्या आठवणी बहुधा अशाच असतात. न्यू इंग्लंडमधल्या लिंकन घराण्याशी नातं जोडायचा प्रयत्न झाला, पण एनॉक, लीवाय, मॉर्डेकाय, सॉलोमन अशा नावांच्या साम्यापलीकडे काही हाती लागलं नाही, असंही ते नोंदवतात. पुढे ते नातं कागदांवरून सिद्ध झालं : १६३७ मध्ये मॅसॅच्युसेट्सला आलेले सॅम्युअल लिंकन, मग न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियाची बर्क्स काउंटी, १७६८ च्या सुमाराला व्हर्जिनिया आणि शेवटी केंटकी. नावांचं साम्य हा पुरावा नव्हता, पण कुठे खणायचं ते त्याने बरोबर दाखवलं होतं. तुमच्या सुनेच्या घरातही पिढ्यान् पिढ्या फिरणारी एखादी विरळा नावं असतील. ती वेगळी लिहून ठेवा.

प्रश्न : १८५० च्या आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि पुढे नुसते आकडे आहेत. त्यांचा काय उपयोग?

उत्तर : एक वर्ष सुटं पाहिलं तर थोडा, चार वर्षं एकाखाली एक मांडली तर भरपूर. १८०० आणि १८१० मध्ये वयाचे गट असे : १० पेक्षा लहान, १० ते १६, १६ ते २६, २६ ते ४५, आणि ४५ च्या वर. १८३० आणि १८४० मध्ये विशीपर्यंत पाच-पाच वर्षांचे आणि पुढे दहा-दहा वर्षांचे गट आहेत.

समजा तुमचा माणूस १८२० मध्ये २६ ते ४५ च्या गटात आहे. म्हणजे जन्म १७७५ ते १७९४ मधला. तोच १८३० मध्ये ५० ते ६० च्या गटात आहे. म्हणजे जन्म १७७० ते १७८०. दोन्ही एकत्र ठेवले की उरतात १७७५ ते १७८० ही पाचच वर्षं. जन्मनोंद नसलेल्या माणसासाठी ही फार मोठी कमाई आहे. मुलांचंही तसंच करा. प्रत्येक आकड्यासाठी एक रिकामी चौकट काढा आणि मृत्युपत्रातून, दस्तांतून, लग्नाच्या नोंदींतून मिळेल तसं नाव तिच्यात भरत जा. भरून न निघालेली चौकट म्हणजे लहानपणी गेलेलं मूल असेल, आश्रयाला राहिलेला भाचा असेल किंवा शेतावरचा गडी असेल. घरातला प्रत्येक जण मोजलेला आहे, फक्त मुलं नाहीत, हे विसरून कित्येकांनी नसलेली भावंडं जन्माला घातली आहेत.

बायकांचा रकाना नीट पाहा. १८१० मध्ये घरात २६ ते ४५ वयाची बाई आहे, आणि १८२० मध्ये मोठी बाई कुणीच नाही, फक्त १६ ते २६ ची एक आहे. तर मधल्या काळात पहिली बायको गेली आणि दुसरं लग्न झालं, अशी शक्यता धरून लग्नाच्या नोंदी चाळा. ती मोठी मुलगीही असू शकते, म्हणून हा निष्कर्ष पेन्सिलीने लिहा.

दोन अडचणी आधीच माहीत असू द्या. केंटकीच्या १७९० आणि १८०० च्या याद्या शिल्लक नाहीत. टेनेसीच्याही त्या दोन्ही नाहीत, आणि ओहायोची १८१० ची यादी वॉशिंग्टन काउंटी वगळता हरवली. दुसरी गोष्ट, काही गणकांनी स्वच्छ प्रत करताना नावं अक्षरानुक्रमाने लावली. तशा यादीत शेजारी छापलेली नावं म्हणजे शेजारची घरं नव्हेत. एका पानावर सगळी आडनावं एकाच अक्षराची दिसली, की त्या यादीवरून शेजार ठरवू नका.

प्रश्न : एकाच काउंटीत त्याच नावाचे दोन माणूस दिसतात, एकापुढे सीनियर आणि एकापुढे ज्युनियर. म्हणजे बाप-लेक ना?

उत्तर : नाही, तसं धरून चालू नका. त्या काळात सीनियर म्हणजे त्या परिसरातला त्या नावाचा वयाने मोठा आणि ज्युनियर म्हणजे लहान, एवढाच अर्थ. ते काका-पुतणे असतील किंवा एकमेकांचे कुणीच नसतील. मोठा वारला किंवा गाव सोडून गेला की धाकटा सीनियर होतो, आणि आणखी एखादा तरुण ज्युनियर म्हणून पुढे येतो. जुन्या इंग्रजी दस्तांतले नात्याचे शब्दही सैल आहेत. ‘मदर-इन-लॉ’ ही सावत्र आई असू शकते, ‘कझिन’ हा पुतण्या असू शकतो, ‘इन्फंट’ म्हणजे तान्हं बाळ नसून २१ वर्षांखालचा अज्ञान वारस, आणि ‘ऑर्फन’ म्हणजे बाप वारलेलं मूल. आई हयात असेलही.

दोघांना वेगळं करायला कराच्या याद्यांसारखं साधन नाही. जनगणना दहा वर्षांनी, कर दर वर्षी. व्हर्जिनियात १७८२ पासून जमिनीची एक आणि जंगम मालमत्तेची एक अशा दोन याद्या आहेत. केंटकीत १७९२ मध्ये राज्य झाल्यापासूनच्या याद्या बऱ्याच काउंट्यांसाठी टिकल्या आहेत आणि त्यांत सोनं आहे : किती एकर, कोणत्या ओढ्यावर, जमीन मुळात कुणाच्या नावे नोंदली, मोजली आणि मंजूर झाली, २१ वर्षांवरचे पुरुष किती, १६ ते २१ मधले किती, गुलाम किती, घोडे किती.

एक मोठा तक्ता करा. डावीकडे वर्षं, पुढे त्या नावाच्या प्रत्येक माणसाचे एकर, ओढ्याचं नाव, पुरुषांची संख्या आणि घोडे. दोन-तीन वर्षं भरली की दोन माणसं आपोआप वेगळी पडतात, कारण एकाची जमीन कायम एका ओढ्यावर असते आणि दुसऱ्याची दुसऱ्या. मग सूक्ष्म गोष्टी दिसू लागतात. १६ ते २१ च्या रकान्यात एक आकडा वाढला, म्हणजे एक मुलगा सोळाचा झाला असावा. काही वर्षांनी त्याच आडनावाचा तरुण बिनजमिनीचा, एका घोड्यासह, स्वतःच्या नावाने दिसतो. तोच असण्याचा संभव मोठा. पुरुषाचं नाव गळून त्याच जमिनीवर बाईचं नाव आलं, तर त्या दोन वर्षांच्या मध्ये तो वारला असं धरा आणि नेमका तेवढाच काळ मृत्युपत्रांच्या वहीत शोधा. एकही वर्ष गाळू नका. पाच-पाच वर्षांनी पाहणाऱ्याच्या हातून हे सगळं निसटतं.

प्रश्न : केंटकीतल्या जमिनीचा एक जुना मोजणीचा कागद मिळाला. त्यात ओकची झाडं, अंश आणि ‘पोल’ एवढंच आहे. तो वाचायचा कसा?

उत्तर : व्हर्जिनिया, केंटकी, टेनेसी, कॅरोलिना इथे जमीन चौकोनी आखून दिलेली नव्हती. झाडापासून झाडापर्यंत, ओढ्यापासून शेजाऱ्याच्या कोपऱ्यापर्यंत अशा चतुःसीमेनेच ती लिहिली जाई. पोल म्हणजे साडेसोळा फूट. रॉड आणि पर्च हे त्याचेच दुसरे शब्द. चार पोलांची एक साखळी, म्हणजे ६६ फूट. ३२० पोलांचा मैल, १६० चौरस पोलांचा एकर. ‘नॉर्थ ४० ईस्ट १२० पोल’ याचा अर्थ उत्तरेकडे तोंड करून पूर्वेकडे ४० अंश वळा आणि १२० पोल चाला.

कोनमापक, पट्टी आणि १:२४,००० प्रमाणाचा सरकारी भूरचना नकाशा घ्या. या प्रमाणात १०० पोल म्हणजे जवळजवळ २१ मिलिमीटर. पारदर्शक कागदावर एकेक रेघ काढत सुरुवातीच्या झाडाशी परत या. ४०० एकरांचा तुकडा अगदी चौरस असेल तर त्याची बाजू सुमारे २५३ पोल, नकाशावर ५३ मिलिमीटर भरेल. आकार मिळाला की तो कागद नकाशावर फिरवत ओढ्याच्या वळणांशी जुळवा. दिशा होकायंत्राच्या आहेत आणि चुंबकीय उत्तर काळानुसार सरकते, म्हणून आकृती काही अंश तिरकी बसेल. ते साहजिक आहे.

शेवटची रेघ सुरुवातीच्या बिंदूला मिळत नसेल, तर दोन कारणं आधी तपासा : नक्कल करताना उत्तरेचं दक्षिण किंवा पूर्वेचं पश्चिम झालं आहे, किंवा एक पूर्ण ओळ गळली आहे. एकेक रेघ उलटी करून पाहा. बहुतेक वेळा एका बदलात आकृती बंद होते. काउंटीच्या वहीतली प्रत आणि मूळ मोजणी ताडून पाहिली तर खात्री पटेल.

आता त्या कागदावरची माणसं. शेजाऱ्यांची नावं तर आहेतच, पण खाली साखळी ओढणाऱ्या दोघांची आणि खुणा करणाऱ्याचीही नावं असतात. ही माणसं बहुधा घरातलीच : मेहुणा, भाऊ, मोठा मुलगा, शेजारी. जुन्या गावाहून सोबत आलेले कोण, हे या नावांवरून कळतं. त्यांतल्या एखाद्याचं आडनाव विरळा असेल, तर त्याचं मूळ गाव शोधा. तुमच्या पूर्वजाचं मूळ गाव त्याच वाटेवर असण्याची शक्यता मोठी, कारण सरहद्दीवर एकटं कुटुंब क्वचित गेलं. फिलाडेल्फियापासून शेनँडोआ खोऱ्यातून कॅरोलिनापर्यंत जाणारा ग्रेट वॅगन रोड असो, कंबरलँड खिंडीतली वाट असो, की ओहायो नदीवरचे तराफे, नातलग आणि शेजारी मिळून निघत.

तारखांबाबत सावध राहा. केंटकीच्या जमिनीला चार टप्पे होते : वॉरंट (जमीन घेण्याचा परवाना), नोंद (अमुक तुकड्यावरचा दावा), मोजणी आणि ग्रँट (मालकीचा अखेरचा कागद). पहिल्यापासून शेवटपर्यंत कित्येक वर्षं जात, आणि वॉरंट विकताही येई. म्हणून ज्याच्या नावे ग्रँट आहे, तो कधी केंटकीत आला नसेलही, आणि जो तिथे राबला त्याच्या नावे काहीच नसेल. चारही कागद मागवा. केंटकीच्या लँड ऑफिसने यांतले पुष्कळ ऑनलाइन ठेवले आहेत. १७७९ च्या व्हर्जिनिया कायद्याखालचं सेटलमेंट प्रमाणपत्र मिळालं तर फार उत्तम. १ जानेवारी १७७८ पूर्वी वस्ती केलेल्याला ४०० एकर आणि लगतच्या १००० एकरांवर पहिला हक्क मिळे, आणि त्यासाठी तिथे वर्षभर राहिल्याचं किंवा मक्याचं पीक घेतल्याचं दाखवावं लागे. माणूस त्या जागी होता, याचा इतका थेट पुरावा दुसरा क्वचितच मिळेल.

जमीन विकल्याचा दस्त आहे पण घेतल्याचा नाही, तर ती बहुधा वारशाने किंवा बायकोकडून आली. इथे कायदा मदतीला येतो. व्हर्जिनियात, आणि म्हणून तेव्हाच्या केंटकीतही, मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाला जाई. मुलांत समान वाटणी करणारा कायदा १ जानेवारी १७८७ पासून लागू झाला. लिंकन यांचे आजोबा त्याआधी जेमतेम आठ महिने गेले, म्हणून त्यांची जमीन थोरल्या मॉर्डेकायकडे गेली आणि धाकट्या टॉमसच्या, म्हणजे अब्राहम यांच्या वडिलांच्या, वाट्याला आली नाही. १७८७ नंतर मात्र भावंडं मिळून दस्तावर ‘लिहून देणार’ म्हणून येतात, आणि एकाच पानावर सगळी मुलं, सुना, जावई मिळून जातात.

प्रश्न : इंडियानात शोध घेतोय. आमच्या माणसाचं जमिनीचं पेटंट १८२७ चं आहे. म्हणजे तो १८२७ ला तिथे आला का?

उत्तर : नाही. पेटंट म्हणजे सरकारी जमीन नावावर झाल्याचा अखेरचा दस्त, म्हणून त्यावरची तारीख ही व्यवहाराची शेवटची तारीख. टॉमस लिंकन डिसेंबर १८१६ च्या सुमाराला इंडियानात आले. १५ ऑक्टोबर १८१७ रोजी त्यांनी व्हिन्सेन्सच्या लँड ऑफिसात १६० एकरांची नोंद केली, दोन डॉलर एकराप्रमाणे, हप्त्यांवर. शेवटी अर्धी जमीन सोडून दिली आणि ८० एकरांचं पेटंट १८२७ मध्ये मिळालं. नुसतं पेटंट पाहणारा दहा वर्षं आणि ८० एकर हरवून बसेल.

ओहायोच्या बहुतेक भागात आणि त्याच्या पश्चिमेला जमीन १७८५ च्या अध्यादेशानुसार आखली गेली : सहा मैल चौरस टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. टाउनशिप, रेंज (टाउनशिपांची उभी रांग), सेक्शन आणि सेक्शनचा कोणता चतकोर, एवढं कळलं की शेत नकाशावर सापडलंच. भाव आणि किमान आकार बदलत गेले, आणि त्यावरून व्यवहाराचा काळ ओळखता येतो. १८०० च्या कायद्याने किमान ३२० एकर, दोन डॉलरने, उधारीवर. १८०४ पासून १६० एकर. १८२० पासून उधारी बंद, सव्वा डॉलर एकर, किमान ८० एकर. १८३२ पासून ४० एकरही चालत. १ जानेवारी १८६३ पासून होमस्टेड कायदा लागू झाला : पाच वर्षं राहा, कसा, आणि १६० एकर घ्या. होमस्टेडच्या फायली जाडजूड असतात, त्यांत घर, पीक, कुटुंब सगळं येतं. आधीच्या रोख आणि उधारीच्या फायली अगदी पातळ.

पेटंटांच्या प्रती ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. मूळ फाइल नॅशनल आर्काइव्ह्जमधून मागवावी लागते. ज्याचे हप्ते थकले आणि जमीन गेली, त्याचं पेटंट कधी निघालंच नाही. असा माणूस फक्त ट्रॅक्ट बुकात, म्हणजे जमिनीच्या तुकड्यांप्रमाणे लिहिलेल्या लँड ऑफिसच्या वहीत, सापडतो, नावाने नाही तर जमिनीच्या क्रमांकाने. म्हणून पेटंट मिळालं नाही तर शेजाऱ्याचा सेक्शन काढा आणि त्याच्या आजूबाजूच्या ओळी वाचा.

आणखी एक मर्यादा उपयोगी पडते. मूळ अमेरिकन राष्ट्रांशी तह होऊन जमीन मोजली जाईपर्यंत सरकार ती विकत नसे. दक्षिण ओहायोचा मोठा भाग १७९५ च्या ग्रीनव्हिल तहानंतरच निर्धास्तपणे वसला. त्याआधी तिथे स्थिर शेती दाखवणारी कहाणी असेल, तर ती आधी तपासा.

प्रश्न : पूर्वजाची बायको फक्त ‘मेरी’ म्हणून दिसते. तिचं माहेर कसं शोधायचं?

उत्तर : तिच्या नवऱ्याने जमीन विकली ती पानं आधी काढा. विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्यावर हयातीपुरता हक्क असे, त्याला ‘डाउअर’ म्हणत. म्हणून विक्रीच्या वेळी बायकोला नवऱ्यापासून वेगळं घेऊन तिची संमती विचारली जाई आणि ती दस्तावर नोंदली जाई. ती संमती कोणत्या सालापर्यंत मेरीची आहे आणि कधीपासून दुसऱ्या नावाची, यावरून तिचा काळ ठरतो. मृत्युपत्रात ‘माझी आताची बायको’ असं लिहिलं असेल तर आधीची एखादी होती असा अर्थ लगेच काढू नका. तो कायदेशीर काळजीचा शब्दप्रयोग आहे.

मग लग्नाचा बाँड. हा एक जामीनकतबा : लग्नात कायदेशीर अडथळा निघाला तर अमुक रक्कम भरू, असा. नवऱ्यासोबत जामीन राहणारा पुष्कळदा मुलीचा बाप, भाऊ किंवा पालक. मुलगी २१ च्या आत असेल तर बापाची किंवा पालकाची संमतीची चिठ्ठी मिळू शकते. काउंटीच्या क्लार्ककडे (दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) सुट्या कागदांची वेगळी पेटी आहे का, हे आवर्जून विचारा. बाँड म्हणजे लग्न झालंच असं नाही. लग्न लावल्याचा पुरावा पाद्रीने पाठवलेल्या परतपत्रात असतो.

शोधायची जागा मुलीची काउंटी. टॉमस लिंकन आणि नॅन्सी हँक्स, म्हणजे अब्राहम यांचे आई-वडील, यांच्या लग्नाची नोंद हार्डिन काउंटीत, म्हणजे ते पुढे राहिले तिथे, शोधली गेली आणि मिळाली नाही. त्यावरून नाना कुजबुजी झाल्या. अब्राहम लिंकन वारल्यानंतर ती वॉशिंग्टन काउंटीत निघाली : १० जून १८०६ चा पन्नास पौंडांचा बाँड, जामीन रिचर्ड बेरी, आणि १२ जूनला लग्न. नॅन्सी ही बेरी कुटुंबाच्या शेजारात राहत होती, एवढं ध्यानात घेतलं असतं तर शोधाची दिशाच बदलली असती.

बाँडही नसेल तर शेजारचे सगळे मेरीच्या बापाच्या वयाचे पुरुष काढा आणि त्यांची मृत्युपत्रं वाचा. ‘माझी मुलगी मेरी’ हिच्यापुढे तुमच्या पूर्वजाचं आडनाव असलेली एक ओळ पुरते.

प्रश्न : आमच्या काउंटीचं कोर्टहाऊस जळालं. आता सगळं संपलं का?

उत्तर : काउंटीची प्रत गेली, बाकीच्या प्रती नाही. कराच्या यादीची एक प्रत राज्याच्या ऑडिटरकडे जाई, जमिनीचे ग्रँट राज्याच्या कचेरीत राहत, वरच्या न्यायालयात गेलेल्या दाव्यासोबत जुन्या दस्तांच्या नकला जात. आगीनंतर काही शेतकरी घरातली खरेदीखतं घेऊन येत आणि पुन्हा नोंदवून घेत. म्हणून आगीनंतरची वीस-तीस वर्षांची दस्तपुस्तकं चाळा. त्यांत आगीआधीचे दस्त दडलेले असतात. विधानसभेला दिलेले अर्ज विसरू नका, खाली शंभर-शंभर शेतकऱ्यांच्या सह्या असतात आणि अनेकदा त्या स्वतःच्या हातच्या. बाप्टिस्ट मंडळीच्या (त्या पंथाच्या स्थानिक चर्चच्या) वह्यांत ‘पत्राने दाखल झाला’ असं दिसलं तर ते पत्र कुठल्या मंडळीचं, ते पाहा. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मासिक सभांची दाखलापत्रं तर गाव सोडल्याची आणि गाठल्याची दोन्ही टोकं देतात.

त्याआधी काउंटीची वंशावळ काढा. शेतकरी जागचा हलला नाही तरी त्याच्या पायाखालची काउंटी बदले. व्हर्जिनियाच्या ऑगस्टामधून १७७० मध्ये बॉटटॉट, त्यातून १७७२ मध्ये फिनकॅसल, १७७६ च्या अखेरीस तिचे तुकडे होऊन केंटकी काउंटी, आणि १७८० मध्ये तिचे फेयेट, जेफरसन, लिंकन असे तीन भाग. जुन्या वह्या जुन्या काउंटीतच राहिल्या. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने केलेला जुन्या काउंटी-हद्दींचा ॲटलास तारीख घालून पाहता येतो. आधी तो उघडा, मग क्लार्कला पत्र लिहा.

प्रश्न : पूर्वज स्वातंत्र्ययुद्धात लढला असेल तर काही हाती लागेल का?

उत्तर : पेन्शनचा अर्ज मिळाला तर त्याचा जीवनक्रमच मिळतो. ७ जून १८३२ च्या कायद्याने सहा महिने सेवा केलेल्या मिलिशियावाल्यांनाही (स्थानिक नागरिकांच्या सैन्यातल्यांनाही) पेन्शन मिळाली, आणि अर्जदाराला ठरलेले प्रश्न विचारले जात : जन्म कुठे आणि कधी, वयाची नोंद आहे का, बोलावणं आलं तेव्हा कुठे राहत होता, युद्धानंतर कुठे कुठे राहिला, ओळख देणारे शेजारी कोण. १८२० च्या कायद्याखालच्या अर्जात गरिबी दाखवण्यासाठी घरातल्या वस्तूंची यादी आणि बऱ्याचदा कुटुंबीयांची वयं येतात. विधवेच्या अर्जात लग्नाचा पुरावा हवा असे, म्हणून बायबलमधलं जन्ममृत्यूंचं पान फाडून जोडलेलं सापडतं. नामंजूर झालेले अर्जही तितकेच वाचनीय. १८०० च्या नोव्हेंबरात युद्धखात्याच्या आगीत आधीचे अर्ज जळाले, पण काहींनी नंतर पुन्हा अर्ज केले. पूर्वज हयात नसेल तर त्याच्या शेजाऱ्यांचे आणि भावांचे अर्ज वाचा.

प्रश्न : डीएनए चाचणीने हे लवकर सुटेल का?

उत्तर : एका ठरावीक प्रश्नापुरतं. दोन आडनावबंधू घराणी एकाच पुरुषाची आहेत का, हे वाय गुणसूत्राच्या चाचणीने बरंच कळतं, कारण ते बापाकडून मुलाला जातं. त्यासाठी दोन्ही घराण्यांतला अखंड पुरुषवंशातला हयात पुरुष लागतो. नातं आहे एवढं ती सांगेल, बाप की काका हे नाही. सर्वसाधारण चाचणीत सहा-सात पिढ्यांपूर्वीच्या माणसाचा वाटा इतका पातळ झालेला असतो की तो अजिबात न दिसण्याचाही संभव असतो. चाचणी करायचीच तर घरातल्या सगळ्यात वयस्क व्यक्तीची आधी करा.

प्रश्न : १८२० च्या जनगणनेत पूर्वजाच्या घरात तीन गुलाम दिसतात. सुनेला धक्का बसला. वंशावळीत हे कसं लिहावं?

उत्तर : जसं आहे तसं, आणि शक्य तितकं पूर्ण. केंटकी आणि टेनेसीत लहान शेतकऱ्यांकडेही गुलाम असत. १८५० आणि १८६० च्या स्वतंत्र गुलाम-याद्यांतसुद्धा मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण एवढंच येतं. त्या माणसांची नावं जवळजवळ कुठेच नाहीत. नावं सापडतात ती तुम्ही ज्या कागदांतून जात आहात त्यांतच : मृत्युपत्रात, मालमत्तेच्या यादीत, मुलीला दिलेल्या बक्षीसपत्रात, वारसांच्या दाव्यात. तिथे पहिलं नाव, कधी वय, कधी आईचं नाव आणि डॉलरमधली किंमत असते. ती माणसं पुढे कोणत्या वारसाकडे गेली हेही लिहा, कारण १८६५ नंतर अनेकांनी कोणतं आडनाव घेतलं आणि ती कुठे राहिली, याचा माग त्या वारसाच्या काउंटीतून लागतो. दस्तपुस्तकाचा क्रमांक आणि पान प्रत्येक नावापुढे नोंदवा आणि ही माहिती सार्वजनिक ठिकाणी ठेवा. गुलामीतून सुटलेल्या लोकांची नावं जनगणनेत पहिल्यांदा १८७० मध्ये आली. त्यांच्या वंशजांना त्याच्याही मागे जायचं असेल, तर बहुतेक वेळा असंच एखादं पान लागतं.